माझ्या नावाचा नवस

२७ डिसेंबर, आदहुंतास
नाडी ८८. वजन माहीत नाही. प्रोवीकडे काटा नाही.

ही वही डॉक्टरांनी दिली आहे. ऑपरेशनपर्यंत रोज सकाळी नाडी, वजन, दम लागला का, पाय सुजले का, एवढंच लिहायचं. पण बत्तीस वर्षं मी लोकांचे केस कापले आणि त्या बत्तीस वर्षांत माझं तोंड मिनिटभर बंद नव्हतं. आता दुकान बंद झालं, ऐकायला खुर्चीत कुणी नाही, तेव्हा वही तर वही. डॉक्टरांना वरची ओळ दाखवीन आणि बाकीचं अंगठ्याखाली झाकीन.

पोन्सेहून नऊच्या गाडीने आमच्या डोंगरातल्या गावी निघालो. सात जणांच्या गाडीत नऊ जण, आणि माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर खोक्यासकट शिवणयंत्र. प्रत्येक वळणाला ते माझ्या बरगडीत घुसायचं. मी म्हटलं, "बाई, तिथेच चौदा तारखेला डॉक्टर कापणार आहेत, तुम्ही आधीच का सुरुवात करता?" तर तिने शिवणयंत्र दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि उरलेला रस्ताभर माझ्यासाठी प्रार्थना पुटपुटत बसली.

तर चौदा जानेवारीला राजधानीत, सान हुआनला, माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी काही देवभोळा माणूस नाही. पण मी तीन वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, डॉक्टर घोड्यावरून आला आणि मान हलवून परत गेला. तेव्हा आईने बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तिन्ही राजांना नवस बोलला. पोरगा जगला तर तो जगेल तोवर दर पाच जानेवारीला घर उघडं ठेवीन, राजांसमोर जपमाळेची गाणी गाऊन घेईन आणि दारात येईल त्याला पोटभर जेवू घालीन. मी जगलो. आई होती तोवर आईने फेडला, ती गेल्यावर माझी थोरली बहीण प्रोवी फेडते आहे. तेवीस वर्षं झाली. मी पोन्सेला. राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी ज्याला त्याला केस कापून हवे असतात, दुकान सोडता येत नाही. चार-पाचदा आलो असेन, तेही जेवायला.

या वर्षी मात्र नवस माझ्या डोळ्यांदेखत फेडलेला बघायचा आहे. भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. प्रोवीला ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. सदुसष्टची झाली, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

दार उघडल्यावर तिने आधी माझ्याकडे बघितलं की बॅगेकडे, ते सांगता येत नाही.

"किती दिवस?"

"राजांपर्यंत."

"या वर्षी राजे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे मी करत नाहीये. नोव्हेंबरातच सगळ्यांना सांगून टाकलं. पाय पूस, फरशी ओली आहे."

२८ डिसेंबर
नाडी ९२.

इथली थंडी विसरलो होतो. सकाळी आठपर्यंत धुकं खिडकीत बसून होतं. आईची जुनी घोंगडी अंगावर घेऊन कॉफी प्यायलो आणि प्रोवीला शांतपणे समजावायला बसलो. शांतपणे म्हणजे माझ्या मते.

ती तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती, आम्हा दोघांपुरत्या. एरवी या दिवसांत या घरात शेंगांची पोती असायची आणि सोलणाऱ्या दहा बायका.

"मदतीला माणसं लावू," मी म्हटलं. "तू फक्त देखरेख कर. डुक्कर बाहेरून भाजून आणू. भातापुरतं घरचं."

"तू कुठे असशील?"

"मी काय, मी सांगेन ना कुणी काय करायचं ते."

"हो. तेवीस वर्षं पोन्सेहून उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता इथे येऊन हाक. फोनवरून नाही तर खुर्चीवरून."

"प्रोवी, आईचा शब्द आहे तो."

"आईचा शब्द, तुझा जीव आणि माझे हात," ती म्हणाली आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली.

दुकानात असतो तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो असतो.

आणखी एक. भांड्यांचं कपाट अर्धं रिकामं आहे आणि ओसरीवर पाच खोकी दोरीने बांधून ठेवली आहेत. विचारलं तर म्हणते, उंदीर झालेत. उंदीर चिनीमातीच्या बशा खातात हे मी प्रथमच ऐकलं.

२९ डिसेंबर
नाडी ९०. पाय ठीक.

आज सकाळी दॉन कुंदो नावाचा एक माणूस आला. सत्तरीचा, आरेसिबोचा, पूर्वी इथल्या पोस्टात होता. प्रोवीसाठी महाळुंगाच्या मुरंब्याची बरणी आणली होती. महाळुंगासाठी नावाजलेल्या गावात महाळुंग घेऊन येणारा माणूस काही साधा नसतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

बसल्या बसल्या तो भिंतीवरच्या राजांकडे बघत होता. आजोबांनी कोरलेले आहेत ते, देवदाराच्या लाकडाचे, तिघेही घोड्यांवर, मधला राजा मेल्चोर काळा. अशा जुन्या लाकडी संतांमागे सान हुआनचे शौकीन हात धुऊन लागलेले असतात. कुंदो म्हणाला, "हे भिंतीवरून काढताना जपून काढायला लागतील." मी म्हटलं, "काढायचे कशाला?" तर प्रोवीने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने मुरंब्याचा विषय काढला.

आणि त्याने केस नुकतेच कापून घेतले होते. मानेवर पांढरी रेघ, कानामागे वस्तरा, मिशी कोरलेली. बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, त्या वयाचा माणूस इतकं नीट एकाच कारणासाठी कापून घेतो, कोर्टात किंवा नोटरीसमोर उभं राहायचं असेल तर. माझा अंदाज असा की तो प्रोवीकडून घर आणि राजे दोन्ही घेतो आहे, आणि बिचारीला गोड बोलून गुंडाळतो आहे. गोगलगाय आणि पोटात पाय. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात चक्क गुणगुणत होती. तिला काही कळत नाहीये याचं मला फार वाईट वाटलं.

३१ डिसेंबर
नाडी ९६. झोप नाही.

डावीकडे वळलं की छातीत धडधड ऐकू येते, उजवीकडे वळलं की पलीकडच्या खोलीत प्रोवीची खोकी सरकवण्याचा आवाज. कॉफीच्या झाडांतले बेडूकही थांबत नाहीत. मिलाला फोन केला. बायको म्हणून तिने दिलासा द्यावा, तर म्हणाली, "बहिणीला छळू नकोस, तेयो. तिथे गेलास तर काहीतरी काम कर." घरीही दोष माझाच, इथेही माझाच.

१ जानेवारी
नाडी ९४.

आज एक गोष्ट केली. चांगली केली की वाईट, ते अजून ठरत नाही.

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळे उभे होते. दॉन हेनारो भेटला. तोच दरवर्षी आमच्याकडे जपमाळ गातो, त्याच्या आधी त्याचा बाप गायचा.

"या वर्षी चुकल्याचुकल्यासारखं होणार," तो म्हणाला. "पाच तारखेला दुपारी मी करू काय? घरी बसून बायकोला गाऊन दाखवू?"

"मी सांगितलंय, अजिबात नको," त्याची बायको म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नवस आहे की. नेहमीसारखाच. तीन वाजता."

"प्रोवी तर नाही म्हणाली होती."

"थकली होती. आता बरी आहे."

ती अजिबात थकलेली नव्हती आणि तिला काही विचारलेलंही नव्हतं. पण हेनारोचं तोंड असं खुललं की शब्द मागे घ्यायला जीभ वळेना. शिवाय राजांच्या नवसाला आमंत्रण द्यायचं नसतं. 'आहे' एवढं कुणी म्हटलं की सगळी टेकडी उतरते. आणि आलेला एक माणूस जरी उपाशी परत गेला तरी नवस मोडला असं धरतात.

आता प्रोवी मागे कशी हटेल? येऊन ठेपल्यावर ती करीलच. ती नेहमीच करते.

३ जानेवारी
नाडी ९०.

दोन दिवस तिला चुकवत फिरतो आहे. चौकात जातो, बाकावर बसतो, उठतो, परत बसतो. रस्त्यात भेटेल तो म्हणतो, "मग पाच तारखेला!" आणि मी घाईघाईने त्याला हवामानाबद्दल विचारतो.

आज शेजारच्या फेलाबाईने हाक मारून आत घेतलं. नव्वदीला आली आहे, आईची मैत्रीण. तिच्या भिंतीवर शाळेचा एक जुना फोटो आहे. मुलींच्या चार ओळी, सगळ्या पांढऱ्या झग्यात, आणि टोकाला प्रोवी, जाडाभरडा तपकिरी झगा, कमरेला दोरी. हाच फोटो आमच्याही घरी होता. मी हजारदा पाहिला असेल.

"तिचा गणवेश वेगळा का गं?" मी सहज विचारलं.

"गणवेश?" म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे गाढवा, तो तुझा झगा आहे."

"माझा?"

"तुझ्या नवसाचा. तुझी आई राजांना म्हणाली, पोराला वाचवा, मी दरवर्षी जेवण घालीन आणि पोरगी सात वर्षं अंगावर दुसरा कपडा घालणार नाही. तिला कुणी विचारलं नाही. बारा वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तोच. नाचाला तोच, लग्नाला तोच. पोरं तिला 'धाकटी जोगीण' म्हणायची. दगड मारून पळायची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

घरी आलो तर प्रोवी नव्हती. तिच्या खोलीच्या दारातून एक नवा निळा झगा लोंबताना दिसला. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मला वाटायचं, नवसाचं मूल म्हणजे मी, माझ्या वाट्याला आलेलं काहीतरी खास. आज पहिल्यांदा वाटलं की माझ्या वाट्याला नुसतं जगणं आलं. बाकी सगळं तिच्या.

४ जानेवारी
नाडी घेतली नाही.

फुटलं. सकाळी दोन बायका दारात, "प्रोवी, उद्या किती पातेली आणू?"

तिने त्यांना बसवलं, कॉफी दिली, सांगते म्हणाली, वाटेला लावलं. मग मागच्या अंगणात आली. मी कॉफीच्या बिया वाळत घातल्या होत्या त्या उगाच पसरत होतो.

"तू सांगितलंस?"

"हो."

"माझ्या घरी, माझ्या चुलीवर, नव्वद माणसं. मला न विचारता."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. आईलाही असंच वाटलं होतं."

फेलाने सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. माफी मागायची असं ठरवूनही ठेवलं होतं. पण भीती माणसाला हलकट बनवते. मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. "प्रोवी, चौदा तारखेला माझं हृदय उघडणार आहेत. वाचेन की नाही सांगता येत नाही. आता तरी समजून घे."

वाटलं होतं ती रडेल. ती खाली बसली, पायरीवर.

"मिलाने मला ऑक्टोबरातच सांगितलं."

"ऑक्टोबरात? आणि नोव्हेंबरात तू नवस बंद केलास?"

"म्हणूनच केला."

मला काही कळेना. तिने पायरीवर पडलेली कॉफीची एक बी उचलून बोटांत फिरवली. मग बोलली, ते मी शब्द न बदलता लिहितो आहे, कारण नंतर मी नक्की बदलेन.

"मिलाचा फोन आला त्या दिवशी मी शेंगा सोलत होते. फोन ठेवला, परत सोलायला बसले. आणि मनात आलं, नवस तो जगेल तोवरच आहे. तो गेला की मी सुटले. असं आलं, तेयो. तू माझ्या कडेवर वाढलास, आणि मी शेंगा सोलत सोलत तुझ्या मरणाची तारीख धरून बसले. जानेवारीची चौदा. एकदा नाही आलं मनात. दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्याही. मला माझीच भीती वाटायला लागली. मग मी ठरवलं, हा जिवंत आहे तोवरच मोडायचा. राजांना काय शिक्षा करायची ती मला करू देत. पण भावाच्या मरणाची वाट बघत मला नव्वद माणसांना वाढायचं नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आमच्या मध्ये एक कुत्रं येऊन झोपलं. मी एवढंच म्हटलं, "झग्याचं मला काल कळलं." ती म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "फार खाजायचा."

मग उठली, कमरेचा अॅप्रन सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तू बोलावलंस. तू वाढ. उद्या मी या घरात पाहुणी."

६ जानेवारी
काल एक ओळ लिहायला वेळ मिळाला नाही. आज बोटं भाजलेली आहेत, तरी लिहितो.

पहाटे उठून चूल पेटवायला गेलो तर धूर माझ्याच डोळ्यांत. नव्वद माणसांचा भात म्हणजे किती तांदूळ, याचा मला गंध नव्हता. प्रोवीला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात दॉन कुंदो हजर, अंगात जुना सदरा, खांद्यावर भली मोठी कढई.

"तिने पाठवलं?" मी विचारलं.

"तिने येऊ नकोस म्हणून सांगितलं. म्हणून आलो."

मी त्याला स्पष्ट विचारलं, राजे विकत घ्यायला आलास का म्हणून. त्याने कढई खाली ठेवली आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. "दॉन तेयो, मी अकरा वर्षं तिला लग्नाचं विचारतोय. दरवर्षी म्हणते, राजे झाले की बघू. राजे झाले की हात दुखतात, मग उन्हाळा, मग पुढचे राजे. या वर्षी हो म्हणाली, आठ तारखेला आरेसिबोला नोटरीकडे लग्नाची वेळ घेतली आहे."

बत्तीस वर्षांचा अनुभव! नोटरी तेवढा बरोबर निघाला.

मी उभा राहून ढवळत होतो, पाच मिनिटांत दम लागला. कुंदोने स्टूल आणून दिलं. मग मी स्टुलावर बसून कलथा फिरवायचा आणि तो लाकडं सारायचा. दहा वाजता फेलाच्या नाती आल्या, माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसलं आणि बाह्या वर केल्या. कुणी केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले पास्तेल आणले, कुणी डुकराची अख्खी तंगडी. माझा भात खालून लागला. मला वाटलं संपलं सगळं, तर वाढताना जो तो ताट पुढे करून म्हणे, "मला खरपुडी! मला खरपुडी!" एवढी खरपुडी या घरात कधी झाली नव्हती म्हणाले. नेहमी प्रोवीच्या हातचा भात, तो खाली लागतच नाही.

अडीचला प्रोवी खोलीतून बाहेर आली. निळा झगा, नवे बूट, कानांत आईचे डूल. मागच्या दाराने बाहेर गेली, कुंपणाला वळसा घातला आणि पाहुण्यांसारखी फाटकातून आत आली. मी दारात उभा होतो, हातात पळी. "या, बसा," मी म्हटलं. तिने मान लववली आणि तिसऱ्या ओळीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिला बसलेली पाहून बायकांना कसंसंच झालं. दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. ती म्हणाली, "बसा गं. मीही बसलेय."

तीन वाजता राजांसमोर मेणबत्त्या लावल्या. हेनारोने हातातला ग्विरो, भोपळ्याचं खरवडून वाजवायचं वाद्य, खाली ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, गाण्याआधी विचारायचा असतो तो. "नवस कुणाचा, आणि फेडणारा कोण?"

तेवीस वर्षं प्रोवी उठून म्हणायची, नवस माझ्या भावाचा, फेडते मी. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती बूट बघत होती.

मी उठलो. हातातली पळी खुर्चीवर ठेवली. बोलणं हा माझा धंदा, पण हे वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "नवस माझा. दोरोतेओ माल्दोनादोचा. बोलला आईने. फेडला माझ्या बहिणीने. सात वर्षं अंगावर आणि तेवीस वर्षं चुलीवर. तिचं सगळं फिटलं, राजांनो, तिच्याकडे आता काही मागायचं नाही. यापुढे फेडणारा मी. पुढच्या वर्षी पोन्सेला, माझ्या घरी, तीन वाजता. सगळ्यांनी यायचं."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पण तुझं चौदा तारखेला ते हृदयाचं आहे ना?" म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं!

"हो, आहे," मी म्हटलं.

हेनारोने ग्विरो उचलला. "माणसाने राजांसमोर शब्द दिलाय. आता त्याला पुढच्या वर्षीपर्यंत आणायचं काम त्यांचं. आपण गाऊ." आणि गायला लागला.

जपमाळेच्या तिसऱ्या गाण्यापर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती तोंडावर हात धरून बसली होती आणि खांदे हलत होते. कुंदो तिच्यामागे उभा होता. त्याने तिला हात लावला नाही, नुसता उभा राहिला. तो माणूस मला आवडला.

शेवटचं ताट गेलं तेव्हा ऊन टेकडीआड गेलं होतं. एकही माणूस उपाशी गेला नाही. फेलाच्या कुत्र्याला सुद्धा दोनदा दिलं.

७ जानेवारी
नाडी ८६.

सकाळी मी आणि कुंदोने राजे भिंतीवरून काढले. मागे भिंतीवर तीन घोड्यांच्या आकाराचा पांढरा डाग राहिला आहे. घर फेलाची नात भाड्याने घेते आहे. मी राजांना आईच्या घोंगडीत गुंडाळलं. मिलाला फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षी आपल्याकडे नव्वद माणसं जेवायला आहेत. तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "तू शिजवणार?" मी हो म्हटलं. "मग तुला परत यावंच लागेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा आवाज बरा नव्हता.

चौकात माझी गाडी आणि कुंदोचा छोटा ट्रक शेजारी शेजारी उभे होते. ट्रकमध्ये पाच खोकी, एक पलंग, आणि पुढे प्रोवी. मी खिडकीशी गेलो. मनात पुष्कळ होतं. मी म्हटलं, "आरेसिबोला वारा फार असतो म्हणतात."

"असू दे."

"येशील ना पुढच्या वर्षी?"

"जेवायला येईन. हाताला पाणी लावणार नाही, आधीच सांगते. आणि खरपुडी माझ्यासाठी बाजूला ठेव."

"ठेवीन. मी असलो तर."

हे मी उगाच म्हटलं, सवयीने, तिने 'असं बोलू नये' म्हणावं म्हणून. तिने तसं म्हटलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या कानाला धरून माझं डोकं खाली ओढलं, लहानपणी ओढायची तसं. तिचा हात थंड होता. माझ्या कपाळाला कपाळ लावून ती म्हणाली, "आता जग, तेयो. माझी काही हरकत नाही. शंभर वर्षं जग."

कुंदोने गाडी सुरू केली. ती दोघं उत्तरेला गेली, आणि मी घोंगडी मांडीवर घेऊन दक्षिणेच्या गाडीत बसलो.